सुभेदाराला उठवू नका

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. सोळा वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. वर्गात एखादं कार्टं भुताची गोष्ट काढायचं, तेव्हा मी म्हणायचे, "दिसलं ना तुला? मग जर्नलमध्ये आकृती काढ, भागांना नावं दे आणि उद्या सही घ्यायला ये." त्यावर पुढं कुणी बोलायचं नाही. या पेजवरचे लोकांचे अनुभव मी गेलं वर्षभर वाचत होते, पण तेही जागं राहायला काहीतरी हवं म्हणून. वाचताना हसू यायचं आणि हसलं की डोळ्यांवरची पेंग जायची, तेवढाच उपयोग.

आता मीच लिहायला बसलेय. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, माझी काही हरकत नाही. भांडायला अंगात ताकद नाही.

आमचं गाव मेढ्यापासून सात-आठ किलोमीटर आत आहे. नाव देत नाही, लहान गाव आहे, लगेच कळेल. मागं डोंगर, खाली धरणाचं पाणी. माझं माहेर विट्याचं. तिकडं जमीन सपाट, त्यामुळं चढ बघितला की माझे गुडघे आधीच कुरकुर करतात. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी घरामागच्या खिंडीत मी एकदाही गेले नव्हते. हे मुद्दाम सांगतेय, पुढं लागणार आहे.

घर चार खोल्यांचं, स्लॅबचं. मुलगी पुण्याला शिकते. नवरा साताऱ्याला एमआयडीसीत आहे... एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक थर्ड. त्यामुळं आमच्या घरात कुणीतरी कायम झोपलेलं असतं आणि कुणीतरी दुसऱ्याला "हळू बोल" म्हणून सांगत असतं. बाकी घरात सासरे, म्हणजे आबा. आणि आबांचा कुत्रा.

आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. कुत्र्याचं नाव त्यांनी सुभेदार ठेवलं होतं. गावठी, तांबूस, एक कान पडका. नावाचं कुणी विचारलं की म्हणायचे, "आयुष्यभर सुभेदारानं मला उठिवलं. आता मी सुभेदाराला उठिवतो." आणि खरंच उठवायचे. पहाटे साडेचारला. नुसत्या कुत्र्याला नाही, सगळ्या घराला. थर्ड शिफ्ट करून आलेल्या मुलालासुद्धा ते एकदा म्हणाले होते, "पडून ऱ्हायलास तर गंज चढंल." रात्री नऊला मात्र घरात दिवा दिसायला नको. झोपेच्या बाबतीत त्यांची शिस्त अशी, की मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, आपण सासरी आलोय की छावणीत.

पाच वाजता दोघं बाहेर पडायचे. घर, मग भैरोबाचं देऊळ, मग ओढा, मग चढ, आणि वर खिंड. खिंडीत एक सपाट खडक आहे. तिथं आबा बसायचे, खिशातून ग्लुकोजचं बिस्किट काढून अर्धं स्वतः खायचे, अर्धं सुभेदाराला द्यायचे, आणि परत. निघताना एकच शब्द — "चल". सात वर्षं हा क्रम चुकला नाही, आमच्याकडं आषाढात पाऊस कसा कोसळतो ते माहीत असलेल्यांना यातलं काय ते कळेल.

मागच्या वर्षी शिमग्याच्या आधी आबा न्हाणीघरात पडले. स्ट्रोक. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. साताऱ्याला अठरा दिवस दवाखान्यात होते, मग घरी आणलं. पुढच्या खोलीत भाड्याची लोखंडी खाट लावली, हवेची गादी, तिचा पंप दिवसरात्र घूं घूं करायचा. एवढ्या मोठ्या माणसाचा एकच शब्द शिल्लक राहिला होता — चल. पाणी हवं, चल. दुखतंय, चल. मुलीचा फोन आला, चल. राग आला की तेच जोरात. असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, एखादा रोजचा शब्द वाचतो.

ज्यांनी घरात असा पेशंट सांभाळलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची. नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री दहा, बारा, दोन, चार. मोबाइलला गजर लावून लावून शेवटी गजराची गरज उरली नाही, डोळे आपोआप उघडायचे. शाळा मी सोडलीच होती. दोन तासांच्या वर सलग झोप मला सात महिन्यांत एकदाही मिळाली नव्हती. माझं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि एक छापील कागद दिला, वर चंद्राचं चित्र. "झोपेच्या चांगल्या सवयी". रोज एकाच वेळी झोपा. चार वाजल्यानंतर चहा नको. झोपण्याआधी मोबाइल नको. सकाळी चाला. खोली शांत ठेवा. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. जाता-येता वाचायचे आणि मला त्या चंद्राला एक चापट मारावीशी वाटायची.

सुभेदार आबांच्या खाटेखाली झोपायचा. दुपारी दोनला मी आबांना कुशीवर वळवायचे, तेही डोळे मिटायचे, आणि हा खाली पाय ताणून पडायचा. कुत्र्यांना स्वप्नं पडतात यात नवल काही नाही. झोपेचा एक टप्पा असतो, त्यात पापण्यांखाली डोळे फिरतात, पाय धावतात, बारीक भुंकतात. हे मी वर्गात शिकवलंय. त्यामुळं त्याचे पाय हलायला लागले की मी बघायचेसुद्धा नाही.

एक दिवस मी खाटेच्या पायथ्याशी बसून आबांच्या टाचांना खोबरेल लावत होते. खाली सुभेदाराचे पाय चालायला लागले... आणि माझ्या हातातला आबांचा उजवा पाय हलला. गेलेला पाय. घोट्यातून, वर-खाली, वर-खाली. सुभेदाराचा पाय पुढं की यांचा वर. त्याचा मागं की यांचा खाली. मी पाय सोडून दिला तरी चालूच. मग सुभेदार थांबला, जागा झाला, जांभई दिली. आबांचा पायही थांबला.

माझी पहिली प्रतिक्रिया भीतीची नव्हती. मला वाटलं, मनीषा, तुझी झोप झाली नाही, तुला आता भास व्हायला लागले.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन बसले. वेळ लावली. सुभेदार सात मिनिटं "चालला", आबांचा पाय सात मिनिटं. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं, पाच मिनिटं. चौथ्या दिवशी सुभेदार झोपलाच नाही, माशांनी हैराण केलं होतं त्याला. आबा गाढ झोपले होते, पण पाय लाकडासारखा पडलेला. फिजिओच्या ताई आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून यायच्या, त्यांना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, "मॅडम, इनव्हॉलंटरी मूव्हमेंट असते अशी. जागेपणी हलवतात का ते बघा." जागेपणी नाही हलवायचे. तो विषय तिथं संपला.

पण मग हे, म्हणजे माझा नवरा, सुट्टीच्या दिवशी दुपारी माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसले. दोघं बघत होतो. सुभेदाराचे पाय आधी सावकाश चालले. मग चारी पाय एकदम आखडले आणि सुटले.

"ओढा," हे म्हणाले. "तिथं त्यो उडी मारतो."

मग पाय जड जड पडायला लागले, पोट भात्यासारखं व्हायला लागलं. "चढ लागला." मग सगळं थांबलं. आणि सुभेदार झोपेत चावायला लागला. तोंड मिटलेलं, पण जबडा हलतोय, जीभ बाहेर येऊन नाक चाटून गेली.

"बिस्किट," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. शाळेत असताना ते आबांबरोबर खिंडीत जायचे, त्यांना वाट पाठ होती. मग पाय पुन्हा चालायला लागले, यावेळी पटपट. उतार, ओढा, देऊळ. शेपटी दोनदा फरशीवर आपटली आणि सुभेदार उठला. वर आबांनी डोळे उघडले. चेहरा असा, की बाहेरून आल्यावर तांब्याभर पाणी मागतील.

"रोज जात्यात गं ही दोघं," हे म्हणाले. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार, मिनिटांच्या नोंदींचं जर्नल माझ्याकडंच होतं.

त्यानंतर आमच्या घरात दुपारची एक वेगळीच शिस्त सुरू झाली. कुणी ठरवलं नाही. दोनला मी दार लोटायचे, कुकर लावायचा नाही, मोबाइल सायलेंट. मला त्या पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटायचं, हे मी कबूल करते. दिवसातली तेवढीच वेळ अशी होती, की आबा खाटेवर आहेत असं मला वाटायचं नाही.

आता माझी चूक सांगते.

गौरी-गणपती होऊन गेले होते. आठवडाभर बघायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून — कसे पडले, कुठं नेलं, काय म्हणाले. यांची थर्ड शिफ्ट. चार रात्रींत मी किती झोपले असेन ते मला सांगता येणार नाही. अशा एका दुपारी शेजारच्या तानूआत्या वालाच्या शेंगा घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी सोलायला बसल्या. यांच्या चुलत आत्या, सत्तरीच्या, मनानं चांगल्या, आवाज मोठा. मी नको म्हणायचीही तसदी घेतली नाही.

सुभेदार निघाला. ओढा झाला, चढ झाला. चावून झालं. आता परत फिरायचे... आणि तो रडायला लागला. झोपेतच. बारीक नाही, लांब सूर काढून, गळा वर करून. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं.

तानूआत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आगं मनीषा, कुत्रं रडतंय की. आजारी माणसाच्या खाटंखाली. उठीव त्येला आन् हाकल भायेर."

आमच्याकडं कुत्रं रडलं की माणूस जातं, त्याला जाऊ द्यायचं नसेल तर कुत्र्याला हाकलायचं. हे लहानपणापासून ऐकलेलं. एरवी मी आत्यांना बसवून पंधरा मिनिटं झोपेचे टप्पे समजावून सांगितले असते. त्या दिवशी माझ्यात ते पंधरा मिनिटांचं बोलणंच नव्हतं. तो सूर डोक्यात घुसत होता. मी खाटेजवळचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी सुभेदाराच्या तोंडावर ओतलं.

तो उडाला. खाटेच्या लोखंडी पट्टीवर डोकं आपटलं, केकाटला आणि दारातून बाहेर पळाला. वर आबांचा उजवा पाय टाच उचललेल्या अवस्थेत थांबला होता. पाऊल टाकायचं राहिलेलं असतं ना, तसा. मग हळूहळू खाली आला.

आबांनी डोळे उघडले ते संध्याकाळी. पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. मी हाक मारली, यांनी मारली, पुण्याहून मुलीनं फोनवर मारली. बघतात, पण कुठंतरी मागं बघतात. भरवलं तर गिळतात. "चल" म्हणत नाहीत. पाणी हवं, काही नाही. दुखतंय, काही नाही. मला त्या एका शब्दाचा वैताग आलेला होता, आणि आता तो ऐकायला मी खाटेच्या कडेला कान लावून बसायला लागले.

साताऱ्याला नेलं, स्कॅन केला. नवीन काही नाही. "वय आहे, थकलेत," डॉक्टर म्हणाले.

सुभेदार घरात येईना. अंगणाच्या कोपऱ्यात बसून राहायचा, तोंड डोंगराकडं. खायचा थोडं. पण झोपायचा नाही. मी दुपारी बघितलं, रात्री कूस बदलायला उठल्यावर खिडकीतून बघितलं... तसाच बसलेला, डोळे उघडे.

तिसऱ्या दिवशी यांनी जेवताना विचारलं, "तू त्येला उठिवलंस तवा ते कुठवर आल्ते?"

"खिंडीत," मी म्हणाले. "बिस्किट खाऊन झालं होतं. परत फिरायचे होते."

यांनी घास खाली ठेवला. मग एसटी स्टँडवर कुणाला घ्यायला जायचं असल्यासारखं म्हणाले, "मंग आणाय जाया पायजे."

तेव्हा मी रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा. कारण मलाही तेच वाटत होतं आणि मला ते वाटायला नको होतं. मी त्यांना तिथं सोडून आले होते. एक पाय उचललेल्या माणसाला मी तिथंच उभं करून दार लावलं होतं, आणि का, तर माझी झोप झाली नव्हती म्हणून.

आणायचं तर सुभेदारानं झोपायला हवं. आणि जागरण झालेल्या जिवाला झोपवायचं कसं, याचा कागद आमच्या फ्रिजवर होताच. मी तो काढला आणि कुत्र्यासाठी वाचला. हसू नका. म्हणजे हसा, पण मी केलं ते केलं. रोज ठरल्या वेळी खाणं. त्याची गोणपाटाची घडी आबांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून खाटेखाली ठेवली. टीव्ही बंद, रात्री नऊला दिवे बंद. चारनंतर चहाचं आधण ठेवायचं नाही, कारण कपबशीचा आवाज झाला की तो दचकायचा. आणि सकाळी चालणं.

चालायला मला जावं लागलं. हे शिफ्टच्या गडबडीत, आणि कुत्रा त्यांच्याबरोबर जाईना. आबांजवळ कोण बसणार हा प्रश्न होता. तानूआत्या आपणहून आल्या पहाटे पाचला, डोक्यावरून पदर घेऊन. "मी बसते," म्हणाल्या. "मीच म्हनले व्हते न्हवं. तू जा."

तर बावीस वर्षांनी मी खिंडीत गेले. पहिल्या दिवशी चारदा बसले. ओढ्यापाशी सुभेदारानं उडी मारली, तेव्हा मला गलबलून आलं, कारण ती उडी मी फरशीवर किती वेळा बघितली होती. वर खडक होता. खरंच सपाट, एका बाजूला बसून बसून गुळगुळीत झालेला. मी बिस्किट मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं दिलं. ते खाऊन सुभेदार उठला आणि घराकडं न बघता खिंडीच्या पलीकडं उतरणाऱ्या वाटेकडं बघत उभा राहिला. कान टवकारून. तिकडं काही नव्हतं. कारवीची झुडपं आणि धुकं. मी दहादा "ये" म्हणाले, हलला नाही. शेवटी "चल" म्हणाले, तेव्हा आला. तरी मागं वळून वळून बघत.

असे आठ दिवस गेले. गुडघे आधी सुजले, मग गप्प बसले. सुभेदार दुसऱ्या दिवशी ओसरीवर आला, पाचव्या दिवशी उंबऱ्याच्या आत. स्वेटरचा वास घेतला, पण आडवा झाला नाही.

नवव्या दिवशी दुपारी दोनला मी आबांना भिंतीकडं तोंड करून वळवलं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, नेहमीसारखं. वळले तर सुभेदार खाटेखाली येऊन स्वेटरवर पडला होता. मी श्वास रोखून खाटेच्या पायाला पाठ लावून जमिनीवर बसले. त्याचे डोळे मिटले. पाय चालायला लागले. देऊळ... ओढा... एवढं मला आठवतंय.

मग मला झोप लागली. स्वप्न पडलं असंच म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडं नाही. मी जमिनीलगत होते. गवताला ओल्या मातीचा आणि शेळ्यांचा वास, इतका मोठा वास मला कधी आला नाही. वर चढ. खडकावर आबा बसले होते. फौजेतले कॅनव्हासचे बूट, खाकी हाफ पँट. ते रागावलेले नव्हते. उशीर झालेल्या गाडीची वाट बघत बसलेला माणूस दिसतो तसे दिसत होते. मला बघून उठले, उजव्या पायावर जोर देऊन. बोलले काही नाही. आधी मी निघाले आणि मग माझ्यामागं बुटांचा आवाज यायला लागला, आणि मला एवढंच कळत होतं की मागं वळून बघायची गरज नाही.

डोक्यावर हात पडला तेव्हा मी अर्धवट जागी झाले. आबांचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. तरुणपणी कडबाकुट्टीत गेलं. तो हात रोज पुसणारी मी, मला तो अंधारातही कळेल. माझ्या केसांवर तो हात होता. साडेचार बोटांचा. जडही नव्हता, ठेवल्यासारखा होता.

मी डोळे उघडले. हात तिथं नव्हता. आबा माझ्याकडं बघत होते. ओळखीचे डोळे. ओठ हलले, आणि आयुष्यभर सगळ्यांना उठवत आलेला तो माणूस मला म्हणाला, "झोप."

मी झोपले. खरंच, लहान मुलासारखी तिथंच फरशीवर आडवी झाले.

उठले तेव्हा सहा वाजून गेले होते. चार तास. ताडकन उठून बसले... कूस बदलायची राहिली, एकदा नाही दोनदा. बघते तर आबांचं तोंड माझ्याकडं. दोनला मी त्यांना भिंतीकडं वळवलं होतं. पाठीची उशी आता दुसऱ्या बाजूला, गुडघ्यांमधली उशी सरळ, तिचा कोपरा आत दुमडलेला. तो तसा मी दुमडते, मांडीला टोचू नये म्हणून. हे साडेचारला फर्स्ट शिफ्टवरून आले होते, पण आम्ही तिघं झोपलेलो बघून चहासुद्धा न करता ओसरीवर बसून राहिले होते. "मी हात लावला न्हाई," म्हणाले. "तुला उठवायचं धाडसच झालं न्हाई." तानूआत्या दिवसभर मळ्यात होत्या.

मी आबांना पाण्याचा चमचा लावला. त्यांनी तोंड फिरवलं. "चल," म्हणाले, चांगलेच वैतागून. त्या दिवशी आमच्या घरात गोड केलं.

"झोप" हा शब्द ते पुन्हा कधी बोलले नाहीत. उजवा हात कधी हलला नाही. दुपारी पाय मात्र सुभेदाराबरोबर चालायचा, पूर्वीसारखाच.

आबा पुढं पाच महिने होते. माघात गेले. दुपारी. तानूआत्याही होत्या, उंबऱ्याशीच बसलेल्या. देऊळ, ओढा, चढ, बिस्किट... आणि सुभेदारानं झोपेत गळा वर केला. तोच लांब सूर. मी आत्यांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. तांब्या माझ्या हाताशी होता.

"आसू दे," आत्या हळूच म्हणाल्या. "त्येला त्येच्या पायानं येऊ दे."

आम्ही दोघी हललो नाही. आबांचा पाय दोनदा-तीनदा वर-खाली झाला, सावकाश, आणि थांबला. सुभेदाराचे पाय थांबले नाहीत. उतार, ओढा, देऊळ. तो एकटा परत आला. शेपटी आपटली नाही. उठला, खाटेवर पुढचे पाय टाकून आबांच्या पावलाचा वास घेतला, आणि मग मी आबांच्या नाकापाशी हात धरला.

माझ्याकडं स्पष्टीकरणं भरपूर आहेत, मी विज्ञानाची बाई आहे. झोप न झालेल्या माणसाला भास होतात. गेलेल्या पायात अनैच्छिक हालचाल होते. गेलेला एखादा शब्द परत येतो. उशी मीच अर्धवट झोपेत सरकवली असेन. एकेक वेगळं घेतलं तर पटतं. सगळी एकत्र ठेवली की मला नाही पटत. दहावीच्या पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी निम्मे मार्क कापले असते.

खाट परत गेली. सुभेदार अजून त्याच जागी स्वेटरवर झोपतो, दोनच्या सुमाराला निघतो, मध्ये थांबतो आणि चावतो. घरात ग्लुकोजची बिस्किटं मी आणत नाही, ती त्याला तिकडंच मिळतात. पहाटे खिंडीत मी एकटीच जाते, तो उठत नाही, म्हातारा झालाय. दुपारी मीही त्याच्याशेजारी चटई टाकते. ते स्वप्न मला पुन्हा पडलं नाही, पण झोप चांगली लागते.

कुणाला यातलं काही कळत असेल तर खाली कमेंटमध्ये जरूर लिहा, सवडीनं वाचेन. आमच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर एकच विनंती, दुपारी दोन ते साडेतीन फोन करू नका आणि दार वाजवू नका. घरातले बाहेर गेलेले असतात.